पासलीचा कोपरा, कामथडीची चढाई

पासलीत आणि कामथडीत, दोन्हीकडच्या जुन्या कबड्डीवाल्यांमध्ये, एक वाद अजून मिटलेला नाही. एका वर्षी या दोन गावांनी आपापला एकेक गडी एकमेकांना देऊन टाकला होता. पासलीने आपला डावा कोपरा दिला आणि कामथडीकडून चढाई करणारा गडी घेतला. या अदलाबदलीत कोण फायद्यात राहिलं, यावर चहाच्या दुकानात हटकून बोलणं निघतं, आणि आता नातवंडं असलेली माणसं त्यावरून तोंड फिरवून बसतात. त्यातला डावा कोपरा म्हणजे मी. माझ्यादेखत हा वाद चालतो, पण माझं मत कुणी विचारत नाही. बैल घेणारे आणि देणारे बोलत असतात आणि बैल बाजूला उभा असतो, तसं ते होतं. म्हणून मी ते इथे लिहून ठेवतो आहे. मला ते निःपक्षपातीपणे लिहिता येईल असं मात्र वाटत नाही, कारण त्या वर्षाची माझ्याकडे जी आठवण आहे ती मुख्यतः हेव्याची आहे, आणि हेवा करणाऱ्या माणसाला पंच होता येत नाही.

आमचं घर पासलीच्या वरच्या अंगाला होतं. घरात आई, आबा, मी आणि माझी धाकटी बहीण तारा. सकाळी उखळात मुसळ पडायला लागलं की जाग यायची. आई भात सडताना एक शब्द बोलत नसे, आणि तिचं मुसळ थांबलं की आम्ही समजायचो, आता चूल पेटणार. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, कधी नुसती पेज आणि मीठ. आबाही कमी बोलायचे. आमच्या घरात बोलण्यापेक्षा आवाजच जास्त होते: मुसळाचा, गोठ्यातल्या म्हशीच्या साखळीचा, पागोळ्यांचा. मलाही बोलायचं जमत नसे. समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघितलं की शब्द अडायचे. पण पायांकडे बघत मी तासभर उभा राहू शकायचो, आणि कबड्डीत डाव्या कोपऱ्याला तेवढंच लागतं. भाताची कापणी झाली की रिकाम्या खाचरात तूस पसरून आम्ही मैदान करायचो. चढाईला आलेला गडी तोंडाने कितीही हूल देवो, पाय खोटं बोलत नाहीत. मी त्याचा घोटा धरायचो आणि सोडायचो नाही. आबा कधीतरी खांद्यावर घोंगडी टाकून बांधावर उभे राहायचे आणि खेळ संपायच्या आधीच निघून जायचे. एकदा जाता जाता म्हणाले होते, "बरा धरतोस." ते मी पुष्कळ दिवस पुरवून पुरवून आठवलं.

मी अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, पास झालो. आमच्या घरात तोवर चौथीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. भोरला कॉलेज निघालं होतं आणि मला तिथे जायचं होतं, पण भोरला राहायचं कुठे, हा प्रश्न पावसाळा उलटत आला तरी सुटत नव्हता. आमचं तिकडे कुणी नव्हतं, खोली घेणं आबांच्या आवाक्यातलं नव्हतं, आणि पासलीहून रोज भोरला जाऊन येणं शक्यच नव्हतं. एसटी वेल्ह्यापर्यंत आणायची, तीही तिच्या मर्जीने. पहिले काही आठवडे मी भोरला कुणाच्या ना कुणाच्या पडवीत पथारी टाकून काढले. आता लिहिताना वाटतं की त्या दिवसांबद्दल अधिक लिहायला हवं, पण खरं सांगायचं तर त्यांतलं मला फक्त ओलं अंथरूण आठवतं.

त्याच सुमाराला वेल्ह्याच्या कबड्डीच्या सामन्यांचं छापील पत्रक आलं. भोर आणि वेल्हे, दोन्हीकडच्या गावांचे संघ त्यात उतरायचे. आदल्या वर्षी एका गावाने पुण्याच्या गिरणीतले तयार गडी आणून ढाल नेली होती, म्हणून या वेळी नवा नियम घातला होता: खेळणारा गडी दसऱ्यापासून सलग त्याच गावात राहणारा हवा. राहणारा म्हणजे काय, यावर पंचांनी तोंडी खुलासा केला होता. पंच म्हणजे लष्करातून निवृत्त झालेले एक हवालदार. रेशनकार्डाचं नाव काढलं तेव्हा ते म्हणाले होते म्हणे, की रेशनकार्डावर मेलेली माणसं पण साखर खातात. ज्या गावच्या चुलीवर जेवतो त्या गावचा गडी, एवढंच ते मानणार होते.

आमच्या संघाचा पुढारी माझा चुलतभाऊ नामदेव. आमच्याकडे धरणारे चार होते आणि चढाई करणारा धड एकही नव्हता. कामथडीचं उलट होतं. तिथल्या संघाचा पुढारी सर्जेराव स्वतः चढाईवाला, त्याचा धाकटा भाऊ बबन त्याच्याहून सरस, पण कोपऱ्यात उभं राहायला माणूस नाही. सर्जेरावच्या घराशी आमचं आत्याच्या सासरकडून लांबचं नातं लागत होतं. वेल्ह्याच्या बाजारात नामदेव आणि सर्जेराव चहाला बसले आणि उठले तेव्हा सौदा झाला होता. पासलीचा रघू, म्हणजे मी, कामथडीला, कामथडीचा बबन पासलीला. नियमात बसायचं तर एकमेकांच्या घरी राहायचं आणि जेवायचं. रघूला तिथून एसटीने भोरच्या कॉलेजला जाता येईल. जोवर तो कामथडीकडून खेळतोय तोवर त्याचं जेवण-राहणं सर्जेरावकडे. बबन आबांच्या हाताखाली शेतात राबेल. नामदेव हे सांगायला आमच्या घरी आला तेव्हा आबांनी एकच विचारलं, "तितं रातचं वाचाय उजेड हाय का?" वीज आहे म्हटल्यावर ते उठून गोठ्यात गेले. माझा प्रश्न सुटला होता. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला सारखं वाटत होतं की नामदेवने मला दिलं, आबांनी दिलं, आणि देताना कुणी थोडंही अडून बसलं नाही.

दसऱ्याच्या दिवशीच मी कामथडीला गेलो. महामार्गालगतचं गाव, ट्रकच्या आवाजाने भिंतीवरची भांडी किणकिणायची. सर्जेराव मोकळा माणूस होता, बोलताना समोरच्याच्या पाठीत थाप मारायची त्याची सवय. त्याने पहिल्याच दिवशी मला स्वच्छ सांगितलं, "रघूबा, शिक तू, लई शिक. पर मैदानात उबा ऱ्हा. मैदानातनं भाईर गेलास तर मग माज्या घरात तुला ठिवायचं म्या लोकास्नी काय म्हून सांगू?" त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. त्याची आई, गोदाबाई, मला फार जपायची. मला पितळेचा तांब्या वेगळा, ताट वेगळं, आधी वाढायचं मला. ज्वारीची भाकरी मला गिळायला जड जाते हे तिच्या चार दिवसांत ध्यानात आलं आणि तिने कुठून तरी तांदूळ पैदा करून माझ्यापुरता भात शिजवायला सुरुवात केली. पण ताटावर बसलो की ती पदर सावरून उभी राहायची आणि विचारायची, "आनि वाढू का?" आमच्या घरी कुणी असं विचारत नसे. तिथे आई न विचारता वाढायची, आणि पुरे म्हटलं तरी वाढायची. गोदाबाईच्या विचारण्याने मला रोज आठवण व्हायची की मी इथला नाही.

दिवाळीला चार दिवस मी घरी गेलो. अंगणात पाय ठेवला आणि आतून आईच्या हसण्याचा आवाज आला. मी दाराशीच थांबलो. आईला असं हसताना मी ऐकलं नव्हतं. आत बबन एसटीच्या कंडक्टरची नक्कल करत होता, आई तोंडाला पदर लावून बसली होती आणि तारा जमिनीवर लोळत होती. बबन माझ्याच वयाचा, काळा, सडपातळ, लांब पायांचा. मला बघून त्याने "या, या" म्हणून पुढे होऊन माझी पिशवी घेतली. माझ्याच घरात त्याने मला पाट दिला. त्या चार दिवसांत मी जे जे बघितलं ते सगळं लिहिलं तर वाचणाऱ्याला मी फार हलका माणूस वाटेन, पण तसा मी होतोच. कणगीच्या कडेला माझी झोपायची जागा होती, तिथे त्याचं अंथरूण होतं. ज्या म्हशीने मला कधी कासेला हात लावू दिला नाही ती त्याच्यापुढे डोळे मिटून उभी राहायची. भाताची खरपुडी, जी आई पातेल्याच्या तळातून काढून मला द्यायची, ती तिने दोन वाटे करून आम्हा दोघांपुढे ठेवली. बबनचा वाटा मोठा होता असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं. तो आईला "काकी" म्हणत होता, पण झोपाळलेला असला की त्याच्या तोंडून "आये" निघून जायचं. ती "ओ" द्यायची.

सगळ्यात मला लागलं ते आबांचं. संध्याकाळी ते दोघे बांधावर बसले होते आणि आबा बोलत होते. मी लांबून बघत होतो. हात हलवून ते त्याला काहीतरी सांगत होते, बहुधा पाणी कुठून वळवायचं ते. मला त्यांनी कधी काही सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. बबन सगळं विचारायचा. पाटाचं पाणी, बैलाची खोड, आईच्या माहेरचा रस्ता. मी माझ्याच घरात अठरा वर्षं राहिलो आणि मला कळलं नसेल एवढं त्याने तीन आठवड्यांत विचारून घेतलं. पाचव्या दिवशी मी कामथडीला परतलो. वह्या समोर घेऊन बसायचो आणि मनात पासलीच्या घरात आता काय चाललं असेल त्याची चित्रं काढत राहायचो. वर्गात मी पुढच्या बाकावर बसायचो, प्राध्यापक बोलतील तो शब्द न् शब्द उतरवून घ्यायचो, पण डोक्यात एक हसणं चालू असायचं.

मार्गशीर्षात गोदाबाई तापाने आजारी पडली. बबनला निरोप गेला आणि तो आला. बारा दिवस राहिला. आईच्या उशाशी बसून तिचं डोकं दाबायचा, चूल पेटवायचा, मला आणि सर्जेरावला जेवायला वाढायचा. ती बरी झाल्यावर तो पासलीला परत गेला. ते बारा दिवस मी मोजले होते. का मोजले, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

माघात सामने झाले. तीन दिवस वेल्ह्याचं पटांगण माणसांनी भरून गेलं होतं. आम्ही, म्हणजे कामथडी, आणि ते, म्हणजे पासली, असे दोघेच शेवटी उरलो. मी चांगला खेळलो होतो, हे आज सांगायला हरकत नाही. पण बबन जे खेळला ते बघायला माणसं झाडावर चढली होती. शेवटच्या सामन्याच्या सकाळी आमचा संघ चहाच्या दुकानात बसला होता. सर्जेराव बशीत चहा ओतून तसाच बसून राहिला आणि म्हणाला, आपलाच भाऊ आपल्याच उरावर बसायची वेळ आली. बाकीचे नामदेवला शिव्या देत होते. मी माझ्या पिशवीतून ते छापील पत्रक काढलं. मी म्हणालो की नियमात सलग असा शब्द आहे. बबन बारा दिवस कामथडीच्या चुलीवर जेवला, मी स्वतः साक्षी आहे. म्हणजे तो नियमाने पासलीचा राहिलेला नाही.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी एवढं सलग पूर्वी बोललो नव्हतो. सर्जेरावला ते पटलं नाही, निदान लगेच पटलं नाही. भाऊ आईला बघायला आला होता, असं तो म्हणाला. पण संघातले दुसरे गडी तेच धरून बसले, आणि शेवटी तो म्हणाला, "लिव तर. तुला लिवता येतं. पंच काय म्हनतील ते म्हनतील." मी दुकानदाराकडून कागद मागून घेतला. वर विषय लिहिला, त्याखाली वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज, मग एक, दोन, तीन असे मुद्दे. कॉलेजात शिकलेलं मी पहिल्यांदा कशाला तरी वापरत होतो. लिहिताना मला फार बरं वाटत होतं. नियमाच्या बाजूने आपण आहोत असं मी स्वतःला सांगत होतो. बबन खेळला नाही तर नामदेवचा संघ हरेल, मग पासलीला त्याचा उपयोग उरणार नाही आणि तो माझ्या जागेवरून उठेल, हा चौथा मुद्दा मी कागदावर लिहिला नाही.

दोन्ही संघ मधल्या रेघेवर समोरासमोर उभे असताना पंचांनी तो अर्ज मोठ्याने वाचला. चौथी शिकलेल्या माणसांच्या गर्दीत ती भाषा विचित्र वाटत होती. वाचून झाल्यावर पटांगणात गलका उठला. बबनने माझ्याकडे बघितलं आणि मग खाली बघितलं. पंचांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाले की खेळापायी पुरुष खोटं बोलतो, मी घरच्या बाईला विचारणार. आई बाजाराला आणि सामना बघायला वेल्ह्याला आली होती. आंब्याखाली बायकांत बसली होती. तिला पुढे बोलावलं. आबा तिच्यामागे चार पावलं येऊन थांबले. शेकडो माणसांपुढे डोक्यावरून पदर घेऊन ती रेघेच्या कडेला उभी राहिली.

"बाई, ह्यो गडी कुनाच्या घरी जेवतो?" पंचांनी विचारलं.

"माज्या."

"मधी बारा दिस न्हवता म्हनत्यात."

"आजारी आईला बगाय गेला व्हता. लेकानं आईला बगाय जाऊ ने असं लिवलंय का कागुदात?" गर्दीत कुणीतरी हसलं. आई थांबली नाही. "बारा दिस त्याच्या वाटची भाकरी मी रोज थापली. आला न्हाई की बैलाला घातली. चुलीला ठावं हाय त्यो कुनाचा त्ये."

पंचांनी मान हलवली. ते निकाल देणार एवढ्यात नामदेव पुढे झाला. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला की सलग बघायचं तर मग ह्याचंही बघा. हा दिवाळीला चार दिवस घरी येऊन जेवला. हा तर हिच्या पोटचा पोरगा, ह्याची चूल कोणती? पंच माझ्याकडे वळले. त्यांनी अर्ज वर धरला आणि म्हणाले की या अर्जातला नियम लावला तर पहिला हाच बाद होतो.

मला ते तेव्हा कळलं. इतका वेळ कळलं नव्हतं. बाद झालो तर मी कामथडीचा गडी नाही. आणि कामथडीचा गडी नसलो तर सर्जेरावच्या घरात माझं ताट नाही, वीज नाही, भोरची एसटी नाही. मी माझ्याच अक्षरात माझं कॉलेज सोडून द्यायचा अर्ज लिहिला होता. पंचांनी आईला विचारलं, "बाई, आता ह्याचं सांगा. ह्यो तुमच्या घरचा का न्हाई?"

आईने माझ्याकडे बघितलं.

"न्हाई," ती म्हणाली. "ह्यो आमच्या घरचा न्हाई. गोदाबाईच्या चुलीवर जेवतो ह्यो. दिवाळीला चार दिस पाव्हना आला व्हता."

पंचांनी अर्ज चार घड्या करून खिशात ठेवला आणि खेळ सुरू करायला सांगितलं. आई पाठ फिरवून आंब्याखाली गेली. मी कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. मला वाचवण्यासाठी ती तसं बोलली हे मला त्याच क्षणी कळलं होतं, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण कळणं वेगळं. त्याच्यासाठी तिने किती शब्द वापरले, भाकरी काढली, बैल काढला, चूल काढली. आणि माझ्यासाठी एक न्हाई आणि एक पाव्हना. मी रेघेकडे बघत होतो आणि ते शब्द एकमेकांशेजारी ठेवून बघत होतो.

सामना आम्ही जिंकलो. शेवटची चढाई बबनची होती. तो सरळ माझ्या कोपऱ्यात आला, जसा काही दुसरीकडे कुणी उभंच नव्हतं. मी त्याचा डावा घोटा धरला. तो दम न सोडता रेघेकडे ओढत राहिला, त्याचा गुडघा मातीत घासत गेला, आणि रेघ वीतभर राहिली असताना त्याचा आवाज तुटला. मी तरीही धरूनच होतो. पंचांना माझी बोटं सोडवावी लागली. सर्जेरावने मला खांद्यावर घेतलं. तिथून मला सगळं पटांगण दिसत होतं. आई बबनच्या गुडघ्याला आपल्या पदराचं टोक लावून बसली होती. तिने वर बघितलं नाही.

निघताना आबा माझ्याजवळ आले. मी ढाल हातात धरून उभा होतो. ते ढालीबद्दल काही बोलले नाहीत. म्हणाले, "पंचाच्या हातात तुजा कागुद बगितला म्या. वळी सरळ व्हत्या." एवढं बोलून ते एसटीकडे गेले. त्यांना वाचता येत नव्हतं. ते कौतुक होतं की दुसरं काही, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही, आणि विचारायचं मला आठवलं तेव्हा ते नव्हते.

आता निकालाचं. कामथडीला माझ्यामुळे एक ढाल मिळाली. मी कॉलेजचं पुढचं वर्षही तिथूनच केलं, पण खांद्याचा सांधा सुटल्यावर खेळलो नाही. सर्जेरावने मला घरातून काढलं नाही. काय सांगायचं ते त्याने लोकांना सांगितलं असेल. मग मी पुण्याला गेलो, शिक्षक झालो, बदल्यांच्या गावी राहिलो. पासलीने बबनच्या जोरावर पुढची तीन वर्षं ढाल सोडली नाही. तो तोवर आमच्या घरीच राहिला. पुढे लग्न करून कामथडीला गेला तरी लावणीला आणि झोडणीला येत राहिला. आबा गेले तेव्हा मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचलो. बबन आदल्या दिवसापासून होता. नामदेव म्हणतो, त्यात बोलायचं काय, पासलीने एक घोटा धरणारा दिला आणि अख्खा माणूस मिळवला. सर्जेराव म्हणतो की कामथडीच्या घरात राहून एक मास्तर झाला, ते ढालीहून मोठं. मला नामदेवचं खरं वाटतं. पुष्कळ वर्षं मला त्याचंच खरं वाटत आलं आहे, आणि त्या खरेपणाने मला पुष्कळ वर्षं त्रास दिला आहे.

आईच्या वर्षश्राद्धाला सगळे जमले होते. जेवणं झाल्यावर पुन्हा तोच वाद निघाला, आणि सर्जेराव-नामदेव दोघेही नेहमीसारखे चिडून उठून गेले. पडवीत मी आणि बबन उरलो. त्याचा तो गुडघा आता वाकत नाही, पाय सरळ पसरून बसतो. मी त्याला म्हणालो की तो अर्ज मी लिहिला होता. इतक्या वर्षांत हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

"आता सांगतोस व्हय," तो म्हणाला. "त्या समद्या पटांगनात 'अनुसरून' म्हननारा दुसरा कोन व्हता?"

मग मी बाकीचंही बोललो. अडखळत बोललो, पण बोललो. की मला त्याचा हेवा वाटत होता. की आई त्या दिवशी त्याच्यासाठी भांडली आणि मला सगळ्यांसमोर पाव्हना म्हणाली, आणि ते मला अजून जात नाही. तो ऐकत होता. आधी हसला. मग त्या गुडघ्यावरून हात फिरवला.

"मला बी त्या दिशी तुजाच हेवा वाटला व्हता," तो म्हणाला.

मी विचारलं, माझा कसला?

"माज्यासाटी ती बोलली त्ये खरं व्हतं. भाकरी थापली, बैलाला घातली, समदं खरं. खऱ्याला काय लागतं? तुज्यासाटी ती खोटं बोलली. पोटच्या पोराला न्हाई म्हनाली, समद्या मुलखापुढं, पदर न हलवता. ती बाई आटान्याला बी खोटं बोलत नसं. माज्यासाटी आजवर असं कुनी खोटं बोललेलं न्हाई, रघू."

तो भिंतीला हात लावून उठला आणि आत तोंड करून ताराला म्हणाला, चहा टाक, अद्रक घाल, काल घातलं नव्हतंस. माझ्या बहिणीला, माझ्या घरात, मी आयुष्यात कधी असं सांगू शकलो नव्हतो. आतून तारा त्याला तोंडभर काहीतरी उलटून बोलली आणि हसली, आणि मी पडवीत बसलो होतो तिथे मला त्याचा पुन्हा हेवा वाटला.